बर्फाच्या कारखान्यावरची खोली

वास्कोत खारीवाड्याच्या जेटीमागे आमचा बर्फाचा कारखाना.
वरची खोली रिकामी होती. फक्त रविवारी हवी, म्हणाले,
दोन तास, भाडे आगाऊ.
बोंकुरी देवदानम, गोदीतला वेल्डर, महबूबनगरचा.
सुकृता टांडी, नर्स, धमतरीची.
बाकीचे पंधरा-सोळा असेच, कुठून कुठून आलेले.
पंथाचे नाव सांगितले, मेनोनाइट.
मला खाणीतल्या एखाद्या दगडाचे वाटले.

पोलिसांचा भाडेकरूचा फॉर्म पुढे सरकवला.
‘मी शपथेवर सांगतो की’, अशी छापील ओळ.
देवदानमने ‘शपथेवर’वर सरळ रेघ मारली,
वर बारीक अक्षरात लिहिले: खरे.
आमच्यात शपथ घेत नाहीत, साहेब.
रोजच खरे बोलायचे,
मग आज वेगळे काय सांगू?
मी हसलो.
चाळीस वर्षे बर्फाचे वजन लिहितोय मी.

शेजारच्या कायतानला कळेना:
इगर्ज म्हणता, आणि खुरीस नाही, घंटा नाही?
आणि तान्ह्या पोराला पाणी लावत नाहीत?
मोठे झाल्यावर ज्याचे त्याने मागायचे, सुकृता म्हणाली.
एवढ्यासाठी तिकडे माणसे बांधून नदीत बुडवली.
पाणी हवे ना, घ्या पाणी.
कायतान गप्प झाला. मीही.
आमचा देवसुद्धा एका रात्री
होडीत बसून झुआरीपलीकडे गेलेला.

मुख्य ऑफिस कुठे तुमचे, मी विचारले.
देवदानम बराच वेळ विचारात पडला.
कांगोत खूप आहेत, म्हणाला. इथिओपियात त्याहून जास्त.
पॅराग्वेत. ऑफिसचे विचारून सांगतो.

एकदा कोळशाच्या बोटीवरचा खलाशी आला,
विबोवो, जाव्हाचा.
एकाचीही भाषा एकाला येईना.
गाणे सुरू झाले, तसा त्याने खालचा सूर धरला,
जणू गेल्या रविवारीही इथेच बसला होता.
मग मासळीच्या परातीत आमच्या टाकीचे पाणी घेऊन
वेल्डरने त्याचे पाय धुतले.
फार गार, एवढेच तो हाताने दाखवत होता,
आणि हसत होता.

सुकृताची शिबा खाली येऊन बर्फाचा खडा मागायची.
नदीचा बर्फ होतो, माहीत आहे तुम्हाला?
एक माणूस त्यावरून पळत होता. मागे शिपाई.
शिपायाखालचा बर्फ फुटला.
तो मागे फिरला, त्याला ओढून काढले.
मग?
मग त्यानेच ह्याला पकडले.
मग?
मग जाळले.
असली गोष्ट पोरांना सांगतात का, मी म्हणालो.
ती खडा चोखत राहिली.

मालकांना फोन आला. कोणाचा, मी विचारले नाही.
नोटीस मीच टाइप केली, मीच घेऊन निघालो.
लाद्या उतरवायच्या घसरणीवर पाय सटकला.
वर गाणे थांबले.
देवदानमने काखेत हात घालून उचलले,
सुकृताने फळीचे दोन तुकडे लावून
तिच्या ओढणीत मनगट बांधले.
मी डाव्या हाताने खिशातली नोटीस काढून दिली.

त्याने वाचली. घडी घातली.
रिक्षापर्यंत सोडायला आला,
खड्डा चुकवून घ्या, असे रिक्षावाल्याला दोनदा बजावले.

आता कोणी सावर्ड्याला, कोणी कुवेतला.
शिबाचे काही कळले नाही.
कारखान्यातून माणसे हलतात, तशी हलली.
बर्फ वितळला म्हणून पाणी संपत नाही,
असे लिहिणार होतो. पण हिशेबात ते बसत नाही.

गेल्या महिन्यात वजनाच्या खटल्यात साक्षीला गेलो.
उजवा हात वर करा, कारकून म्हणाला,
म्हणा, शपथेवर सांगतो.
हात वर केला.
मनगटाशी तो अजून किंचित वाकडा आहे.
कारकून वाट बघत होता.